ठासणीची बंदूक आणि फ्रेंचांची कवायत

माझा भाचा नववीत आहे. परवा टीव्हीवर नेपोलियनच्या काळातली कुठलीशी लढाई चालली होती. दोन्हीकडची माणसं रंगीत कोट घालून, ढोलाच्या तालावर चालत उघड्या माळावर आली, समोरासमोर उभी राहिली आणि शंभरेक पावलांवरून एकमेकांवर बार काढायला लागली. भाचा म्हणाला, "मामा, हे येडे आहेत का? आडवं व्हायचं ना सरळ!"

मी म्हटलं, आडवा होऊन ती बंदूक भरून दाखव. तिथून जे बोलणं सुरू झालं त्याचा हा गोषवारा. उदाहरण फ्रेंच पायदळाचं घेतो, कारण लांब पातळ रांग बरी की दाट जमाव बरा, या एका प्रश्नावर फ्रेंचांनी जवळपास सत्तर वर्षं जितकी शाई आणि जितकं रक्त खर्च केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल.

आधी ती बंदूक हातात घेऊ. १७७७ सालचा नमुना. लांबी दीड मीटर, वजन साडेचार किलोच्या आसपास. पुढे संगीन लावली की ती माणसापेक्षा उंच होते. नळीचं भोक १७.५ मिलीमीटर आणि आत जाणारी शिशाची गोळी त्याहून एखादा मिलीमीटर बारीक. ही फट मुद्दाम ठेवलेली. काही बार निघाले की नळीत जळक्या दारूची काजळी धरते, मग घट्ट गोळी आत सरकत नाही. पण सैल गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडते आणि शेवटचा टोला कुठल्या बाजूला बसला त्यावर तिची दिशा ठरते. नळीला आतून आटे नाहीत, त्यामुळे गोळी सरळ राहायचं काही कारणच नाही. शंभर मीटरवरच्या एकट्या माणसावर नेम धरलात तर लागलाच असं म्हणता येणार नाही, आणि दोनशेवर सगळा नशिबाचा खेळ.

समोर माणसांची भिंतच असेल तर मात्र हिशेब बदलतो. प्रशिया या जर्मन राज्यात एक प्रयोग झाला होता. १०० फूट लांब आणि ६ फूट उंच असं लक्ष्य उभं करून त्यावर फैरी झाडल्या. २२५ यार्डांवरून २५ टक्के, १५० वरून ४० टक्के आणि ७५ वरून ६० टक्के गोळ्या लागल्या. प्रत्यक्ष लढाईत हे प्रमाण फारच खाली यायचं. धूर असायचा, हात थरथरायचे, दारू सर्दावलेली असायची आणि समोरचं लक्ष्यही उलट गोळ्या घालत असायचं. तरी मुद्दा कळतो. केरसुणीच्या एका काडीने काहीच झाडलं जात नाही. तशा दोनशे काड्या एकत्र बांधल्या की काम होतं. खांद्याला खांदा लावून उभं राहण्यामागे हे पहिलं कारण.

आता बंदूक भरू. १७९१ च्या फ्रेंच नियमावलीत भरण्याचे बारा हुकूम आहेत आणि त्यांत मिळून अठरा हालचाली. नवशिक्याला हे एकेक करून घोकून घ्यावं लागे. पहिल्या हुकमाला बंदूक पुढे घ्यायची. दुसऱ्याला रंजकाच्या पेल्यावरचं झाकण अंगठ्याने उघडायचं. मग कमरेमागच्या चामडी पेटीत हात घालून काडतूस काढायचं. काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी, आत मोजलेली दारू आणि एक गोळी. तिचं टोक दातांनी फाडायचं. चिमूटभर दारू पेल्यात, हीच रंजक. झाकण बंद. बंदूक डाव्या बाजूला घेऊन दस्ता जमिनीला टेकवायचा, उरलेली दारू, गोळी आणि कागद नळीच्या तोंडातून आत. मग नळीखालच्या खोबणीतून लोखंडी गज ओढायचा, नळीत घालून ठासायचं, गज परत जागेवर, बंदूक परत खांद्याला. हे झाले बारा. यानंतर घोडा ताणा, नेम धरा आणि बार काढा हे तीन हुकूम वेगळेच.

चाप ओढला की घोड्यात अडकवलेली गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी पेल्यात पडते, रंजक भडकते आणि तिची आच कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते. निदान शिरावी अशी अपेक्षा. गारगोटी बोथट झाली, कान काजळीने बुजला किंवा पाऊस आला तर नुसता फुस्स आवाज, आणि गोंधळात शिपायाला कळायचंही नाही की आपला बार निघालाच नाही. तो बिचारा त्याच्यावर दुसरं काडतूस ठासायचा.

कसलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढी. गज मीटरभराहून लांब नळीत वरून खाली घालायचा म्हटल्यावर उभंच राहायला हवं. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं. जाता जाता एक गोष्ट. काडतूस फाडायला समोरचे दात लागत, म्हणून दात नसलेल्याला पायदळात घेत नसत. सक्तीची भरती सुरू झाल्यावर ती चुकवण्यासाठी स्वतःचे पुढचे दात पाडून घेणारे तरुण निघाले, ते याचमुळे.

फ्रेंच पायदळ तीन रांगांत उभं राही. माणसाला रुंदीत जागा अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर आपल्या कोपराला लागेल इतकी. ६०० माणसांची पलटण घ्या. तीन रांगा म्हणजे प्रत्येक रांगेत २००, म्हणजे शंभर मीटरची भिंत. तीनही रांगांनी एकदम फैर झाडायची तर पहिली रांग गुडघ्यावर बसे. नियमावलीत याला पर्याय होता. पहिल्या दोन रांगांनी आपापल्या वेगाने बार काढत राहायचं आणि तिसऱ्या रांगेने आपली भरलेली बंदूक दुसऱ्या रांगेच्या हातात द्यायची. कागदावर छान. प्रत्यक्षात एकदा गोळीबार पेटला की हुकूम कुणाला ऐकू जात नसे, जो तो भरेल तसा झाडत सुटे. पहिल्या फैरीची किंमत म्हणूनच मोठी. ती लढाईआधी शांतपणे, कवायतीच्या मैदानावर भरावी तशी भरलेली असे. पुढच्या सगळ्या धुरात आणि घाईत भरलेल्या.

१७४५ च्या फोन्तनुआच्या लढाईतली ती प्रसिद्ध गोष्ट याच संदर्भात वाचायला हवी. व्होल्तेअरने ती रंगवून सांगितली आहे. इंग्रज अधिकारी टोपी काढून म्हणतो, आधी तुम्ही गोळी घाला. फ्रेंच अधिकारी उत्तर देतो, छे छे, आधी तुम्ही. आपल्याला हा 'पहले आप'चा नमुना वाटतो. त्या सभ्यतेच्या पोटात हिशेब होता. लांबून आधी बार काढणारा पुढची वीस-तीस सेकंदं हातात रिकामी नळी धरून उभा असतो आणि तेवढ्यात समोरचा भरल्या बंदुकीनिशी अंगावर येऊ शकतो. त्या दिवशी हिशेब उलटा पडला हे खरं. इंग्रजांची जवळून आलेली फैर इतकी भयंकर होती की समोरची फ्रेंच गार्डांची फळी फुटली. लढाई शेवटी फ्रेंच सेनापती मॉरिस द साक्सने जिंकली, पण ती तोफा, घोडदळ आणि मागे राखलेल्या पलटणींच्या जोरावर.

इथपर्यंतचं बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. या सैन्याच्या शिक्षणात गोळीबारापेक्षा चालणं जास्त होतं. निशाण्यावर खरी गोळी झाडण्याचा सराव कवायतीच्या मानाने थोडाच, दारू आणि शिसं महाग. चालणं मात्र दिवसचे दिवस. एका पावलाची लांबी ठरलेली, दोन फ्रेंच फूट, म्हणजे ६५ सेंटीमीटर. वेगही ठरलेले. साधी चाल मिनिटाला ७६ पावलं, जलद १००, हल्ल्याची १२०.

इतका काटेकोरपणा कशाला, हे शाळेत २६ जानेवारीच्या संचलनात भाग घेतलेल्याला पटकन कळेल. सरळ चालणं जमतं. पण व्यासपीठासमोर सगळी रांग वळवायची वेळ आली की आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी कदमताल करतो, बाहेरच्या टोकाचा जवळजवळ पळतो आणि मधल्यांचा पोटफुगीसारखा फुगवटा येतो. आमच्या वेळी बारा जणांची रांग होती आणि पीटीच्या सरांचा घसा बसायचा. दोनशे जणांची रांग नांगरलेल्या शेतातून, समोरून तोफगोळे येत असताना नेऊन पाहा. मध्ये एक ओढा, एक कुंपण, एक मेलेला घोडा आला तरी रांगेत खिंडार पडतं. खिंडार भरायला थांबावं लागतं, आणि थांबलं की माणसं मरतात.

म्हणजे रांगेत बंदुका सगळ्या कामाला येतात, पण रांग हलवणं महाकठीण. उलट माणसं दाट स्तंभात घातली, पुढे थोडी आणि मागे खूप, की तो जमाव वाटेल तिथून भरभर जातो आणि मागच्यांच्या रेट्याने पुढच्यांना धीर येतो. पण बंदुका पुढच्या दोन-तीन रांगांच्याच उपयोगी. शिवाय एक तोफगोळा घुसला की ओळीने दहा जण जातात.

हा तिढा फ्रेंचांच्या डोक्यात घर करून बसला. १७२० च्या दशकात फोलार नावाच्या लेखकाने ठासून सांगितलं की गोळीबार हे फ्रेंच माणसाचं काम नव्हे, त्याचं काम धावून जाणं, तेव्हा दाट स्तंभ करा आणि संगीन रोखून घुसा. राष्ट्राचा स्वभाव वगैरे गोष्टी लष्करी पुस्तकात आल्या की मी थोडा सावध होतो. मग ५ नोव्हेंबर १७५७ उजाडला. रॉसबाखला प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या २२ हजार शिपायांनी जवळपास दुप्पट असलेल्या फ्रेंच आणि जर्मन संस्थानांच्या फौजेची तासा-दीड तासात दाणादाण उडवली. ही फौज लांबलचक स्तंभात वाट चालत असतानाच गाठली गेली आणि लढाईची रांग धरायला तिला वेळच मिळाला नाही. पॅरिसमध्ये मग जी खळबळ उडाली तिच्यातून पुढची तीस वर्षं पुस्तकं निघत राहिली.

त्यातलं खरं डोकं चाललं ते गिबेर नावाच्या तरुण अधिकाऱ्याचं. १७७२ मध्ये त्याचं डावपेचांवरचं पुस्तक आलं तेव्हा तो तिशीचाही नव्हता. त्याने प्रश्नच बदलला. रांग की स्तंभ यावर भांडण्यापेक्षा एकातून दुसऱ्यात किती लवकर जाता येईल ते बघा. चालायचं स्तंभात, लढायचं रांगेत, आणि मधला बदल दोन मिनिटांचा असला पाहिजे.

तो बदल जरा जवळून पाहू. आपली तीच ६०० ची पलटण. तिच्यात ७५ माणसांच्या आठ कंपन्या. दोन-दोन कंपन्या शेजारी लावल्या तर ५० माणसं रुंद आणि तीन रांगा खोल असा एक जथा होतो. असे चार जथे एकामागे एक म्हणजे पंचवीस मीटर रुंद, बारा रांगा खोल स्तंभ. असा तो झाडीतून, गावाच्या गल्लीतून, पुलावरून आरामात जातो. आता समोर शत्रू दिसला. पहिला जथा जागेवर थांबतो. मागचे तिन्ही उजवीकडे तोंड वळवून बाजूला चालू लागतात, आपापली जागा आली की पुन्हा समोर तोंड करून पहिल्याच्या रांगेत येऊन उभे राहतात. सर्वांत मागच्याला बाजूला ७५ मीटर जायचंय. जलद चालीने मिनिटाला ६५ मीटर होतात. म्हणजे सव्वा मिनिट, अधिक पुढे येण्याची थोडी पावलं. आणि पुढे मधल्या कंपन्या ठेवून बाकीच्या दोन्ही बाजूंना उलगडल्या तर अंतर निम्म्यावर येतं. पत्ते हातात पसरतो तसं.

पावलाची लांबी आणि मिनिटातली पावलं का ठरवायची, ते आता दिसेल. प्रत्येक कंपनीच्या नायकाला आपण किती पावलांनी जागेवर पोचणार हे आधीच ठाऊक असायला हवं. एकजण जरी लांब टांगा टाकायला लागला तरी दोन जथ्यांमध्ये भगदाड पडतं किंवा एक जथा दुसऱ्यात घुसतो.

दाट स्तंभवाले इतक्यात हार मानणार नव्हते. १७७८ मध्ये नॉर्मंडीत व्होसियच्या छावणीत मोठा सराव भरवला गेला. मार्शल ब्रॉयने मेनील-ड्यूराँ या स्तंभवाद्याची पद्धत चालवली आणि समोर रांगवाल्यांची बाजू सांभाळली रोशाँबोने, जो पुढे अमेरिकेत यॉर्कटाउनला वॉशिंग्टनच्या शेजारी लढला. स्तंभवाल्यांचा फज्जा उडाला आणि पाहणाऱ्या बहुतेक अधिकाऱ्यांचं मत गिबेरच्या बाजूला झुकलं. १ ऑगस्ट १७९१ ची नियमावली त्याच वळणाची आहे. शिपायाची शाळा, मग तुकडीची, मग पलटणीची आणि शेवटी अनेक पलटणींच्या एकत्र हालचाली. नेपोलियनने शेवटपर्यंत हीच वापरली. नवा ग्रंथ लिहायच्या भानगडीत तो पडला नाही.

गंमत म्हणजे नियमावली छापली गेली तेव्हा ती शिकवणारे अधिकारी देश सोडून पळत होते. क्रांती झाली होती, सरदार घराण्यांतले अधिकारी सीमेपार जात होते आणि ऑगस्ट १७९३ च्या सर्व जनतेच्या भरतीने लाखो अडाणी पोरं छावण्यांत आली. त्यावरचा उपाय मला फार व्यवहारी वाटतो. जुन्या राजाच्या फौजेची एक पलटण आणि स्वयंसेवकांच्या दोन पलटणी एकत्र करून 'अर्धी ब्रिगेड' बनवली. दुधाला विरजण लावतात तसं. जुन्यांनी कवायत दिली, नव्यांनी जोश.

तरी नव्या पोरांना लांब रांगेत गोळ्या खात उभं करणं अवघडच. म्हणून स्तंभ आणि त्यांच्या पुढे पसरलेले सुटे बंदूकधारी ही जोडी रुळली. या सुट्यांना तिराय्यर म्हणत. ते दोघा-दोघांच्या जोडीने काम करत, एक भरत असताना दुसऱ्याची बंदूक तयार. झाड, भिंत, बांध मिळेल त्याचा आडोसा घ्यायचा आणि अधिकारी, ढोलवाले, तोफची टिपायचे. १८०४ पासून नेपोलियनने यासाठी बुटक्या, चपळ माणसांच्या व्होल्तिजर कंपन्या काढल्या. उंचापुऱ्यांना ग्रेनेडियर म्हणून मान होताच, बुटक्यांनाही आता स्वतःची ऐट मिळाली. १८०८ नंतर पलटण सहा कंपन्यांची झाली. चार साध्या, एक ग्रेनेडियर, एक व्होल्तिजर, प्रत्येकी १४० माणसं.

सुट्यांचा उपयोग काय, ते १४ ऑक्टोबर १८०६ ला येनाच्या लढाईत दिसलं. फिअरत्सेनहायलिगन नावाच्या खेड्यासमोर प्रशियन पायदळ सुरेख सरळ रांगेत उभं राहिलं आणि ठरल्या तालाने फैरी झाडत राहिलं. फ्रेंच मात्र परसांच्या कुंपणांमागे आणि भिंतींमागे. जवळपास दोन तास ती रांग उघड्यावर कापली जात होती. शिस्त प्रशियनांची वाखाणण्यासारखी होती, पण समोर फैर झाडायला भिंतच नव्हती, होते ते विखुरलेले ठिपके.

हे सगळं त्या दिवशी आपोआप जमलं नव्हतं. १८०३ ते १८०५ इंग्लंडवर उतरायच्या तयारीने फ्रेंच फौज बूलोन्यच्या किनाऱ्यावर तळ देऊन बसली होती. उतरणं झालं नाही, कवायत झाली. दोन वर्षं तीच पलटण, तेच अधिकारी, त्याच शेजाऱ्याचं कोपर.

घोडदळाचं राहिलं. भरधाव घोडा मिनिटात तीन-चारशे मीटर येतो, म्हणजे एक-दोन बारांचाच वेळ. रांगेची बगल उघडी पडली की संपलं. म्हणून चौकोन. चारही बाजूंना तोंड, संगिनी बाहेर, आत निशाण आणि अधिकारी. घोडा संगिनींच्या कुंपणावर सहसा उडी घेत नाही, तो वळतो. १७९८ ला पिरॅमिडच्या लढाईत इजिप्तच्या मामलुकांचं नावाजलेलं घोडदळ अशाच चौकोनांभोवती फिरत राहिलं आणि मारलं गेलं.

इथे आपल्याकडची आठवण येणारच. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी याच शाळेतला, निजामाकडे असलेल्या फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. गोल बांधून लढत सरकायचं, हा बेत त्याच पठडीतला. गोलाची अट एकच, की कुणी जागा सोडायची नाही. त्या दिवशी विंचूरकर आणि दमाजी गायकवाड घोडी घालून पुढे गेले आणि ती अट मोडली, असं सांगितलं जातं. एकोणतीस वर्षांनी, १० सप्टेंबर १७९० ला, मेडत्याला महादजी शिंद्यांच्या द बॉयन्यने राठोडांच्या घोडदळासमोर पोकळ चौकोन धरला आणि तो टिकला. द बॉयन्य फ्रान्सशेजारच्या सॅव्हॉयचा, पण शिपाईगिरी फ्रेंच फौजेत शिकलेला. त्याच्या कवायती तुकड्यांना म्हणत 'कंपू'. आज आपण तो शब्द कट्ट्यावरच्या टोळक्याला वापरतो.

परत फ्रान्सला येऊ. बूलोन्यची ती फौज स्पेनमध्ये झिजली आणि १८१२ ला रशियात संपली. १८१३ च्या वसंतात नेपोलियनने पुन्हा लाखांनी पोरं उभी केली. कित्येकांनी बंदूक भरायला कूच करताना वाटेवर, मुक्कामाच्या ठिकाणी शिकून घेतलं. ल्युत्झेन आणि बाउत्झेनच्या लढायांनंतर हाताला, बोटांना गोळी लागलेले इतके शिपाई निघाले की घरी जाण्यासाठी पोरांनी स्वतःच्याच हातावर बार काढले असा संशय आला. त्यांना कडक शिक्षा द्यायचं घाटत होतं. शल्यविशारद लारेने अडीच हजारांहून जास्त जखमी एकेक करून तपासले आणि निर्वाळा दिला की पोरं निर्दोष आहेत. घाईने झाडणाऱ्या तिसऱ्या रांगेच्या नळ्या पुढच्यांच्या हातांजवळ येत होत्या. पुढचा बंदूक उचलतो, मागच्याचा बार निघतो, बोटं जातात. कोपराला कोपर लावून हलायचा सराव नसला की असं होतं. नेपोलियनने लारेचं ऐकलं आणि त्याला बक्षीसही दिलं.

ऑक्टोबरमध्ये, लाइपझिगच्या लढाईच्या तोंडावर, नेपोलियनने तिसरी रांगच काढून टाकली. तिची गोळीही कामाची नाही आणि संगीनही, म्हणून यापुढे दोनच रांगा, असा हुकूम सुटला. वर आणखी एक फायदा त्याने मार्शल मार्मोंला कळवला. शत्रूला आपल्याला तीन रांगांत बघायची सवय आहे, तेव्हा आता आपल्या पलटणी त्याला एक तृतीयांशाने मोठ्या वाटतील.